पुरंदरच्या विहिरी आणि एम.एस्सी.चा शेवटचा प्रकल्प

पदव्युत्तर भूशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प सक्तीचा असतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रमात त्याला तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांक आहेत, आणि विषय ठरवण्यापासून प्रबंधिका बांधून घेण्यापर्यंतचा सगळा भार विद्यार्थ्यावर असतो. आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी विभागात आधीपासून चालू असलेल्या एखाद्या मोठ्या कामाचा तुकडा उचलला. त्यात गैर काहीच नाही. नमुने गोळा झालेले असतात, उपकरणे लागलेली असतात, अडले तर विचारायला एखादा संशोधक विद्यार्थी शेजारच्याच टेबलावर बसलेला असतो. मला मात्र भूजलावर काम करायचे होते आणि त्या वर्षी विभागात त्यावर कोणाचेच काम चालू नव्हते, त्यामुळे माझा प्रकल्प शब्दशः स्वतंत्र ठरला.

विषय सुचला तो दुष्काळामुळे. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य शासनाने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत पुण्याला अगदी लागून असलेला पुरंदर होता. हडपसरहून निघून दिवेघाट चढला की पाऊस मागे राहतो आणि कऱ्हेच्या काठाने जसजसे पूर्वेकडे जावे तसतसा तो आणखी कमी होत जातो. मी मूळची कोकणातली. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिलमध्ये जांभ्यातल्या विहिरी तळाला जातात हे लहानपणापासून पाहिलेले. त्यामुळे पाऊस कमी म्हणून विहिरी आटतात हे उत्तर मला कधीच पुरेसे वाटले नव्हते. पुरंदरमध्ये तर एकाच शिवारात, एकाच पावसावर, एका शेतकऱ्याच्या विहिरीवर अंजिराची बाग तगते आणि बांधापलीकडच्याची विहीर फेब्रुवारीतच कोरडी पडते.

मी पहिल्या आराखड्यावर ‘पुरंदर तालुक्यातील दुष्काळ आणि भूजल’ असे भरघोस शीर्षक लिहून नेले. प्रकल्पाच्या मार्गदर्शक सरांनी तो कागद वाचला आणि विचारले, ‘‘एका माणसाने दोन सत्रांत, एस.टी.ने ये-जा करून, यातले काय मोजून होईल?’’ त्या एका प्रश्नाने आराखड्यातल्या बऱ्याच गोष्टी गळून पडल्या. पाण्याचे रासायनिक पृथक्करण गळले, पीकपद्धती गळली, उपग्रह प्रतिमांवरून केलेला वापराचा अंदाजही गळला. तालुक्याच्या जागी एका ओढ्याचे पाणलोट आले आणि त्यातल्या पन्नासेक उघड्या विहिरी. प्रश्नही एवढाच उरला की या विहिरींपैकी कोणत्या उन्हाळ्यात तग धरतात, आणि त्याचा विहिरीच्या भिंतीत दिसणाऱ्या खडकाशी काही संबंध लावता येतो का. हे छाटणे चालू असताना विषय किरकोळ होत चालल्याची हुरहुर होती, हे खरे. आज मागे वळून पाहताना वाटते की वर्षभरातले सगळ्यांत महत्त्वाचे काम त्या आठवड्यांत झाले.

इथे थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, आणि पुरंदर हा या थरांच्या अभ्यासातला नावाजलेला भाग आहे. भूवैज्ञानिकांनी थरांच्या दोन गटांना दिवेघाट आणि पुरंदरगड अशीच नावे दिली आहेत. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, काळा आणि पाण्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असतो. फटी असतील तेवढेच पाणी. थराच्या माथ्याकडे मात्र वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्या असतात, त्यांत पांढरी खनिजे भरलेली असतात आणि हा भाग लवकर कुजतो. विहिरी खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी विटकरी रंगाच्या मातीचा पट्टा सापडतो. पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि या मांजऱ्यात.

हे सगळे पुस्तकात आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते आणि त्यावरून पाणलोटनिहाय उपलब्धता व उपसा यांचे गणित मांडले जाते. उपसा ७० टक्क्यांच्या आत असेल तर पाणलोट सुरक्षित, १०० टक्क्यांच्या वर गेला तर अतिशोषित. नियोजनासाठी हे गणित योग्यच आहे, परंतु ते पाणलोटाची सरासरी सांगते. बांधाच्या अलीकडची आणि पलीकडची विहीर वेगळी का वागते याचे उत्तर त्यात नसते, आणि माझा प्रश्न नेमका तेथेच होता.

गावात शिरणे मला वाटले होते त्याहून अवघड गेले, आणि त्याचे कारण भूशास्त्रात नव्हते. तालुक्याच्या पूर्व भागात प्रस्तावित विमानतळासाठी सात गावांच्या जमिनी घेण्याचा विषय अनेक वर्षे पेटलेला आहे. मी काम करत होते ते गाव त्या सातांत नव्हते, तरी हातात नकाशा आणि खांद्यावर तिवई घेऊन बांधावरून फिरणारी अनोळखी मुलगी दिसली की पहिला प्रश्न ठरलेला असे: ‘‘ताई, इमानतळाची मोजणी हाय का?’’ विभागाचे पत्र, ओळखपत्र आणि ग्रामपंचायतीचा शिक्का एवढ्याने हा संशय जात नाही, आणि जाऊ नये हेही मला पटले. शेवटी मी एक नियम केला. वहीत विहिरीला क्रमांक द्यायचा, मालकाचे नाव आणि गट क्रमांक लिहायचा नाही, आणि मालकाने मागितली की वही त्याच्या हातात द्यायची. तरीही बोअरच्या खोलीबाबत उत्तरे कधी सरळ आली नाहीत. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर म्हटले आहे. ६० मीटर म्हणजे जवळपास दोनशे फूट. आमच्या गावातल्या झाडून सगळ्या बोअर, विचारले तर, दोनशेच्या अलीकडेच थांबलेल्या होत्या. बोअरचा रकाना मी तक्त्यातून काढून टाकला. ज्या आकड्यावर आपलाच विश्वास नाही तो आलेखात घालून उपयोग काय?

उघड्या विहिरीचे तसे नसते, तिचे सगळे डोळ्यांसमोर असते. खोली मात्र प्रत्येक जण परसात सांगे, आणि कोणाचा परस पाच फुटांचा तर कोणाचा सहाचा, म्हणून टेप सोडल्याशिवाय काही लिहायचे नाही असे ठरले. पातळी मोजण्याची पद्धत साधी आहे. टेपच्या टोकाला वजन बांधायचे, शेवटच्या मीटरभर भागाला खडू चोळायचा, टेप आत सोडून कठड्यावरचे वाचन घ्यायचे, टेप वर ओढून ओल्या खडूची रेघ वाचायची, आणि कठड्यावरच्या वाचनातून ती रेघ आणि कठड्याची उंची वजा करायची. प्रत्येक वेळी कठड्यावरच्या त्याच खुणेवरून मोजायचे. अडचण मोजण्यात नसून वेळेत असते. मोटार चालू असेल किंवा नुकतीच बंद झाली असेल, तर जी पातळी मिळते ती उपशाची, भूजलाची नव्हे. शेतीची थ्री फेज वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. त्यामुळे माझे मोजणीचे वेळापत्रक सत्राच्या वेळापत्रकावरून न ठरता गावच्या डीपीवरून ठरू लागले. रात्रीची पाळी असलेल्या आठवड्यात दुपार उलटल्यावर जायचे, म्हणजे पाणी स्थिरावलेले असे.

उपसा थांबल्यावर विहीर किती वेगाने भरून येते हेही मोजायचे होते. या चाचणीसाठी स्लिक्टर यांचे जुने सूत्र आहे. विहिरीचे क्षेत्रफळ, पातळीतली सुरुवातीची घट, ठरावीक वेळानंतर उरलेली घट आणि मधला काळ एवढ्यावर विहिरीची विशिष्ट क्षमता, म्हणजे पातळीतल्या दर मीटर घटीमागे विहिरीत किती पाणी येते ते, काढता येते. कागदावर हे अर्ध्या पानाचे काम आहे. शेतात मात्र त्यासाठी शेतकऱ्याला सांगावे लागते की तुमची वीज चालू असताना काही तास मोटार बंद ठेवा. कांद्याला पाणी द्यायच्या दिवसांत हे मागायला माझी जीभ रेटेना. म्हणून या चाचण्या मी मोजक्याच विहिरींवर केल्या, त्याही वीज गेल्यानंतर लगेच, जेव्हा मोटार आपोआपच थांबलेली असे. प्रबंधिकेत या मर्यादेचा स्पष्ट उल्लेख आहे.

जुन्या काळी विहिरींची कामे घेतलेले एक आजोबा मला या काळात भेटले. त्यांनी माझा नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, ‘‘आत्ता काय बगतीस पोरी, आत्ता समद्या हिरी सारख्याच. उन्हाळ्यात ये. पानी खाली गेलं की हिरीचं प्वाट दिसतं, मग सांगतो कुटनं पाजारतंय ते.’’ ते दिवस होते ऑक्टोबर महिन्याचे, २०२४ चा पावसाळा चांगला झालेला आणि विहिरी तुडुंब. दुष्काळामुळे निवडलेला विषय भरल्या वर्षात अभ्यासायची वेळ माझ्यावर आली होती. आजोबांचे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्याही बरोबर होते, कारण भरलेल्या विहिरीची भिंत दिसत नाही आणि माझा सगळा प्रश्न भिंतीत होता.

फेब्रुवारीपासून भिंती उघड्या पडू लागल्या. आजोबा दोन-तीन विहिरींवर स्वतः आले. वरून काळी माती, मग पिवळट मुरूम, मग काळा पाषाण, आणि त्याखाली ठिपक्याठिपक्यांचा मांजऱ्या. पाषाण आणि मांजऱ्या यांच्या सांध्यावर भिंत ओली होती, तिथे शेवाळाची हिरवी रेघ आणि तिच्यावर क्षारांचा पांढरा पट्टा होता, आणि त्या रेघेत कोणी तरी आडवे बोअर मारून ठेवले होते. आजोबांनी खडे टाकून ती जागा दाखवली. पुढच्या विहिरीतही तीच रेघ, फक्त कितीतरी खोल. तिसऱ्या विहिरीत ती दिसलीच नाही, आणि ती विहीर कोरडी होती.

मी वहीत सांध्याची खोली लिहीत होते, आणि त्या आकड्यांत कसलाच मेळ नव्हता. एकीकडे सहा मीटर, ओढ्यापासून वर गेले की चौदा. मेळ लागला तो खोलीऐवजी समुद्रसपाटीपासूनची उंची घ्यावी असे ठरल्यावर. पण ही उंची आणायची कुठून? १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन समोच्च रेषांतले अंतर २० मीटर, मोबाइलची उंची एकाच जागी उभे राहून काही मीटरने हलते, आणि मला तर मीटरच्या आतला फरक हवा होता. शेवटी शेजारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ऑटो लेव्हल, म्हणजे दोन जागांच्या उंचीतला फरक मोजायची दुर्बीण, मिळवली. दोन वर्गमित्र स्टाफ, म्हणजे आकडे लिहिलेली उभी पट्टी, धरायला आले आणि ओढ्याच्या काठाने एका विहिरीवरून दुसरीवर अशी वाचनांची साखळी नेली. हे काम अतिशय कंटाळवाणे असते. यंत्र मांडायचे, बुडबुडा मध्यावर आणायचा, मागचे वाचन, पुढचे वाचन, यंत्र उचलायचे, पुन्हा मांडायचे, आणि शेवटी सुरुवातीच्या खुणेवर परत येऊन बेरजा जुळतात का हे पाहायचे. उसाच्या फडात स्टाफ दिसत नाही, उन्हात दुपारनंतर आकडे लाटांसारखे हलतात, आणि विमानतळाचा प्रश्न नव्याने सुरू होतो. या टप्प्यावर आमच्याबरोबर गावातलेच एक दादा फिरले म्हणून काम झाले.

आकडे मांडल्यावर जे दिसले ते मी आलेखावर पुन्हा पुन्हा तपासले. जमिनीपासूनची खोली कितीही वेगळी असली तरी ओल्या सांध्याची उंची बहुतेक विहिरींत जवळपास तीच होती, पूर्वेकडे अगदी किंचित उतरती. लाव्हाचे थर जवळपास आडवे असतात हे पहिल्या वर्षी परीक्षेत लिहिले होते. त्याचा अर्थ मात्र आत्ता कळला. ज्या विहिरींचा तळ त्या उंचीच्या खाली गेलेला होता त्या बहुतेक तग धरत होत्या, आणि ज्यांचा तळ पाषाणातच थांबला होता त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये संपत होत्या. काही विहिरी या चित्रात बसत नव्हत्या. त्यांपैकी ओढ्यावरच्या बंधाऱ्यालगतच्या विहिरींचे कारण उघड होते. बाकीच्यांचे स्पष्टीकरण मला देता आले नाही आणि मी त्या तशाच आलेखावर ठेवल्या. सर म्हणाले, परीक्षक आधी त्याच ठिपक्यांवर बोट ठेवतील. मी म्हटले, ठेवू देत.

प्रकल्पाचा खरा कस लागायचा होता मे महिन्याच्या अखेरीस. पातळी सर्वांत खाली जाते ती तेव्हा, आणि माझा तग धरण्याचा निकष त्या शेवटच्या मोजणीवर अवलंबून होता. २०२५ च्या मे महिन्यात मात्र पाऊस आधीच सुरू झाला. मोसमी वारे २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचले. त्याच सुमारास बारामती, इंदापूर, दौंड भागात पूर आला. पुरंदरमध्येही ओढे वाहू लागले. माझ्या हातात मेच्या पहिल्या पंधरवड्यातली मोजणी होती आणि जी हवी होती ती कायमची गेली होती. निसर्गाला दुरुस्तीपत्र पाठवता येत नाही. शीर्षकातले ‘उन्हाळी किमान पातळी’ हे शब्द काढून मी ‘मे महिन्याच्या पूर्वार्धातील पातळी’ असे घातले.

पावसाने जे नेले त्याच्या बदल्यात वेगळे काही दिलेही. तापलेल्या, कोरड्या जमिनीवर एकदम मोठा पाऊस पडल्यावर कोणती विहीर किती लवकर प्रतिसाद देते, हे एरवी पाहायला मिळत नाही, कारण जूनच्या पावसात सगळे हळूहळू घडते. पाऊस उघडताच मी पुन्हा टेप घेऊन गेले. मुरूम उघडा पडलेल्या चढावरच्या विहिरी लगेच वर आल्या होत्या, हे अपेक्षित होते. खोल काळ्या मातीतल्या काही विहिरीही वर आल्या होत्या आणि त्यांचे पाणी गढूळ होते, हे अपेक्षित नव्हते. काळी माती पाणी मुरू देत नाही असे आपण धरून चालतो, पण उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडलेल्या असतात आणि माती फुगून त्या मिटेपर्यंत पाणी थेट खाली उतरते. यावर प्रबंधिकेत मी एक छोटे प्रकरण जोडले. दोन-तीन निरीक्षणांवर सिद्धान्त उभा राहत नाही, म्हणून त्यातले प्रत्येक वाक्य सरांनी मला आवाज उतरवून लिहायला लावले.

लिहिण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ते सगळ्यांचे सारखेच होते. रात्री जागून परिच्छेद हलवणे, नकाशावरचा उत्तरदर्शक बाण राहून जाणे, बांधणीवाल्याच्या दुकानात मुखपृष्ठावरच्या सोनेरी अक्षरांत चूक निघणे. फक्त एका आकड्याविषयी सांगते. विहिरींच्या तक्त्याशेजारी मी एक साधे गणित दिले होते: अशा कुजलेल्या बेसाल्टची विशिष्ट उत्पत्ती, म्हणजे खडकाच्या आकारमानातून निघू शकणाऱ्या पाण्याचे प्रमाण, शासकीय मानकानुसार २ टक्के धरली, तर एक हेक्टर क्षेत्रात पातळी एक मीटर खाली गेली म्हणजे २०० घनमीटर, अर्थात दोन लाख लिटर पाणी निघाले. आठ मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाण्याचे खांड म्हणजे पन्नास हजार लिटर. गावात मी निष्कर्ष सांगायला गेले तेव्हा आलेख कोणी फारसा पाहिला नाही, पण हे दोन आकडे लोकांनी लगेच पकडले आणि बागेच्या ठिबकशी त्यांचा हिशेब तिथेच तोंडी सुरू झाला. एकाने विचारले, ‘‘मंग माजी हीर अजून किती खाली न्यावी लागंल?’’ त्याच्या विहिरीची जमीन-उंची माझ्या तक्त्यात होती. मी वजाबाकी करून आकडा दिला आणि बरोबर हेही सांगितले की चित्रात न बसणाऱ्या विहिरी त्याच्याच बाजूला आहेत, तेव्हा नुसत्या माझ्या आकड्यावर खर्च करू नका. त्याने मान डोलावली आणि पाणाड्यालाही विचारणार असल्याचे प्रामाणिकपणे सांगितले.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सरांच्या भाकिताप्रमाणे न बसणाऱ्या ठिपक्यांवर बोट ठेवले. तेथे थर जाडीने कमी-जास्त झाला असेल, की तो सांधा वेगळ्याच थराचा असेल, हे तुम्ही कसे तपासाल, असे त्यांनी विचारले. मी दोन उपाय सांगितले: चित्रात बसणाऱ्या आणि न बसणाऱ्या विहिरींतल्या खडकाचे पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली तुलना करणे, आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यात विद्युत रोधकतेची, म्हणजे जमिनीत वीज सोडून खालचे थर ओळखण्याची, चाचणी घेणे. दोन्हींपैकी काहीही मी केलेले नाही हेही सांगितले. त्यांनी वेळ किती लागेल ते विचारून कागदावर टिपून घेतले. कठड्यांवरच्या खुणांची यादी, वाचनांची वही आणि क्रमांकांचा नकाशा मी विभागात जमा केला आहे, आणि पुढच्या तुकडीतल्या एका विद्यार्थ्याने ऑक्टोबरची मोजणी त्याच खुणांवरून घ्यायचे कबूल केले आहे.